आधी प्लेट, मग पसंती: अमेरिकेत मॅन्युफॅक्चर्ड आणि मॉड्युलर घर ओळखायची रीत

अमेरिकेतल्या मराठी ओळखीपाळखीतून मला वर्षाकाठी तीन-चार वेळा तरी एकाच तऱ्हेचा फोन येतो. घर बघून झालेलं असतं, कुठली खोली कुणाची यावरून मुलांची भांडणंही झालेली असतात, बयाणा देऊन झालेला असतो, आणि मग बँक कळवते की या घराला हे कर्ज मिळणार नाही. जाहिरातीत 'मॉड्युलर' म्हणून टाकलेलं घर कागदावर मॅन्युफॅक्चर्ड निघालेलं असतं. उलटंही होतं. एका कुटुंबानं चांगलं मॉड्युलर घर 'हे तर मोबाइल होम' असं कुणीतरी म्हटलं म्हणून सोडून दिलं.

दोन्ही घरं कारखान्यात तयार होतात आणि रस्त्यावरून तुकड्या-तुकड्यांनी येतात. आतून जिप्समच्या भिंती, वर उतरतं छप्पर, पुढे पोर्च, बाजूला गॅरेज, सगळं दोन्हींना असू शकतं. त्यामुळे नजरेच्या भरवशावर राहिलात तर फसाल. घर कोणत्या नियमावलीखाली बांधलं, एवढाच खरा फरक आहे. कर्ज, कर, विमा, पुढची विक्री हे सगळं त्यावर ठरतं.

आपल्याकडे जमीन घेताना आधी सातबारा बघतात, मग विहिरीचं पाणी चाखतात. इथे मात्र आपलीच माणसं आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात फिरवतात. खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा.

टप्पा १: शब्द पक्के करा

मॅन्युफॅक्चर्ड होम हे केंद्र सरकारच्या नियमावलीनुसार बांधलेलं घर. त्यासाठीचा कायदा १९७४ चा, आणि नियमावली लागू झाली १५ जून १९७६ पासून. अंमलबजावणी गृहनिर्माण व नगरविकास खात्याकडे आहे, ज्याला सगळे 'हड' म्हणतात. म्हणून या नियमावलीला रोजच्या बोलण्यात 'हड कोड'. लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, हा या घराचा कायमचा भाग धरलेला आहे. चाकं निघतात, चॅसी राहते.

मॉड्युलर होम हे ज्या राज्यात बसणार त्या राज्याच्या इमारत नियमावलीनुसार बांधलेलं घर. बहुतेक राज्यांची नियमावली इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर बेतलेली असते. शेजारच्या प्लॉटवर सुतारांनी जागेवर उभं केलेलं घर ज्या नियमांनी बांधतात, त्याच नियमांनी हे कारखान्यात बांधतात.

मोबाइल होम हा शब्द बोलण्यात कशालाही चिकटवतात, पण त्याचा नेमका अर्थ १५ जून १९७६ पूर्वीचं घर असा आहे. एफएचए, म्हणजे गृहकर्जांना विम्याचं संरक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या योजनेतलं कर्ज अशा घराला मिळत नाही.

चौथा प्रकार पार्क मॉडेल. कमाल ४०० चौरस फुटांचं, दिसायला गोंडस घरकुल. कायद्याच्या दृष्टीनं ते आरव्ही, म्हणजे फिरतं वाहन आहे. वरच्या तिन्हींपैकी ते एकही नाही, आणि त्याला घराचं कर्ज मागायला जाऊ नये.

इशारा: 'प्रीफॅब', 'फॅक्टरी-बिल्ट', 'डबल-वाइड' हे शब्द नियमावलीबद्दल काहीच सांगत नाहीत. विक्रेता एवढंच म्हणत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: "हे घर हड कोडचं की राज्याच्या कोडचं?" उत्तर ई-मेलनं मागा.

टप्पा २: प्लेट आणि पट्टी शोधा

या कामाला अर्धा तास लागतो. टॉर्च, मोबाइल आणि मळके झाले तरी चालतील असे कपडे घेऊन जा.

१. आधी घराबाहेर फिरा. मॅन्युफॅक्चर्ड घराच्या प्रत्येक तुकड्यावर लाल रंगाची धातूची छोटी प्लेट असते, साधारण २ इंच बाय ४ इंचांची, रिव्हेटनं ठोकलेली. वाहतुकीच्या वेळी जे टोक मागे होतं, म्हणजे जिथे टेललाइट होते, त्या टोकाला ती घरातल्या फरशीच्या पातळीपासून सुमारे फूटभर वर आणि कडेपासून फूटभर आत असते. तिच्यावर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सहा आकडे असतात. डबल-वाइड घर म्हणजे दोन तुकडे, म्हणून प्लेटाही दोन. दोन्हींचे फोटो घ्या, नंबर स्पष्ट वाचता येईल असे.

२. मग आत जा. मॅन्युफॅक्चर्ड घरात 'डेटा प्लेट' नावाचा कागद चिकटवलेला असतो, साधारण नेहमीच्या पत्राच्या कागदाएवढा. मुख्य वीजपेटीजवळ, स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराआड किंवा बेडरूमच्या कपाटात बघा. कारखान्याचं नाव, अनुक्रमांक, बांधणीची तारीख, कारखान्यातून बसवलेली उपकरणं, आणि वारा, छपरावरचा भार, थंडी यांचे नकाशे त्यावर असतात. हा कागद म्हणजे घराची जन्मपत्रिकाच. पूर्ण फोटो काढा, कोपरेसुद्धा.

३. लाल प्लेट नाही आणि डेटा प्लेटही नाही, तर राज्याची मॉड्युलर पट्टी शोधा. ती बहुधा आत असते: सिंकखालच्या कपाटात, वीजपेटीच्या दारावर किंवा एखाद्या कपाटाच्या आतल्या बाजूला. तिच्यावर राज्याचं किंवा त्या राज्यानं नेमलेल्या तपासणी संस्थेचं नाव असतं.

४. शेवटी घराखाली बघा. क्रॉल स्पेसचं, म्हणजे घराखालच्या रांगत जाण्याइतक्या पोकळीचं, दार उघडा आणि टॉर्च मारा. घराच्या लांबीभर दोन लोखंडी तुळया दिसल्या तर बहुतेक मॅन्युफॅक्चर्ड घर आहे.

'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय, कारण इथे जाणकारही चुकतात. काही मॉड्युलर घरंसुद्धा लोखंडी सांगाड्यासकट येतात आणि त्यावरच राहतात. त्यांना 'ऑन-फ्रेम मॉड्युलर' म्हणतात. खाली लोखंड दिसलं म्हणून निकाल देऊ नका. तो प्लेट किंवा पट्टी देते. लोखंड फक्त आणखी बघायला सांगतं.

नेहमीची चूक: बाहेर प्लेट दिसली नाही म्हणजे घर मॉड्युलर, असं धरून चालणं. जुन्या घरांवर नवीन साइडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, चढवताना प्लेटा झाकल्या जातात किंवा कंत्राटदार त्या उपटून टाकतो. मी स्वतः एक 'मॉड्युलर' घर बघायला गेलो होतो, चौफेर फिरलो, काही सापडलं नाही. निघताना मागच्या कोपऱ्यातली झुडपं बाजूला सारली, तर रंगाच्या थराखाली प्लेट होती. एजंटलाही तिचा पत्ता नव्हता.

हरवलेली प्लेट हड पुन्हा देत नाही. त्याऐवजी तिच्या नोंदीचं पत्र मिळतं. हडच्या वतीनं ते इन्स्टिट्यूट फॉर बिल्डिंग टेक्नॉलॉजी अँड सेफ्टी ही संस्था देते. त्यासाठी घराचा अनुक्रमांक लागतो. तो डेटा प्लेटवर नसेल तर चॅसीच्या अगदी पुढच्या आडव्या लोखंडी पट्टीवर कोरलेला असतो. रंग आणि गंज खरवडून बघावा लागेल. हे पत्र विकणाऱ्यानं काढून द्यावं, आणि बयाण्याच्या आधी.

तपासा: पुढे जाण्याआधी तुमच्या हातात यांपैकी एक गोष्ट हवी: लाल प्लेटांचे फोटो, नोंदीचं पत्र, किंवा राज्याच्या पट्टीचा फोटो. तिन्ही नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: डेटा प्लेटवरचे नकाशे वाचा

हा टप्पा फक्त मॅन्युफॅक्चर्ड घरांसाठी, आणि सहसा कुणीच तो करत नाही.

वाऱ्याचे तीन झोन आहेत. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळानं दक्षिण फ्लोरिडात अशा घरांची दैना केली, त्यानंतर १९९४ मध्ये हे नियम कडक झाले. पहिला झोन सर्वांत सौम्य. संपूर्ण फ्लोरिडा दुसऱ्या किंवा तिसऱ्या झोनमध्ये येतो. पहिल्या झोनसाठी बांधलेलं घर दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात बसवता येत नाही. उलट चालतं. छपरावरच्या भाराचंही तसंच: दक्षिण भागासाठी दर चौरस फुटाला २० पौंड, मधल्या पट्ट्यासाठी ३०, उत्तरेकडे ४०. टेक्सासमधलं स्वस्त घर उचलून मिनेसोटात नेऊ म्हणणाऱ्यानं हा आकडा आधी वाचावा. तिथे बर्फाचं वजन छपरावर बसतं.

घर आधीच जागेवर असलं तरी वाचा. पूर्वीच्या मालकानं ते दुसरीकडून आणलेलं असू शकतं. एकदा बसवून पुन्हा हलवलेल्या घराला चांगलं कर्ज मिळणं फार अवघड होतं.

टप्पा ४: मालकीचा कागद — स्थावर की जंगम?

आपल्या कायद्याच्या भाषेतले हे दोन जुने शब्द इथे चपखल बसतात. पक्क्या पायावर बसलेलं मॉड्युलर घर जमिनीसकट स्थावर मालमत्ता होतं आणि जमिनीच्या डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, येतं. मॅन्युफॅक्चर्ड घर जन्माला येतं ते जंगम म्हणून. अनेक राज्यांत त्याला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, असतं. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं, असं सहज असू शकतं.

जंगमाचं स्थावर करता येतं, पण आपोआप होत नाही. प्रत्येक राज्याची रीत वेगळी. टेक्सासमध्ये राज्याच्या मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग विभागाकडून 'स्टेटमेंट ऑफ ओनरशिप' घ्यावं लागतं आणि त्यात घर स्थावर धरावं असं नोंदवावं लागतं. कॅलिफोर्नियात पक्क्या पायाची नोंद ४३३ए नावाच्या फॉर्मनं होते. फ्लोरिडात जमीन आणि घर एकाच मालकाचं असेल तर घरावर 'आरपी' लिहिलेलं स्टिकर लागतं. तिथे डबल-वाइडच्या दोन अर्ध्यांची टायटल्सही दोन असतात, आणि एकच ताब्यात घेऊन निघालेले लोक मी पाहिलेत.

क्रम असा ठेवा:

१. काउंटीच्या कर-नोंदीत घर काय म्हणून लिहिलंय ते बघा. पण ही नोंद अंतिम धरू नका, काही काउंट्या दोन्ही प्रकारांना एकाच नावाखाली टाकतात.
२. टायटलच्या प्रती मागा. तुकडे किती आणि कागद किती, हे जुळवा.
३. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद मागा.
४. स्थावर झालंय असं विक्रेता म्हणत असेल तर त्याची नोंदवलेली प्रत टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीच्या नोंदी तपासणाऱ्या कंपनीकडून, पडताळून घ्या.

इशारा: भाड्याच्या जागेवर, म्हणजे पार्कमध्ये असलेलं घर घेत असाल, तर तुम्ही फक्त घर विकत घेताय. जागेचं भाडं दरमहा चालू राहतं आणि वाढतंही. ते घर दुसरीकडे नेणं खर्चाचं असतं, म्हणून भाडं वाढलं तरी माणूस अडकून पडतो. लीजचा कागद घराच्या कागदाआधी वाचा.

टप्पा ५: जागेचे नियम

हड कोडच्या घराची बांधणी कशी असावी हे काउंटी सांगू शकत नाही, पण ते कुठे ठेवायचं हे ती सांगते. रिकामा प्लॉट घेऊन त्यावर घर आणायचा विचार असेल तर दोन ठिकाणी विचारा: काउंटीच्या झोनिंग ऑफिसला, आणि जमिनीवर आधीपासून नोंदलेल्या अटींना, ज्यांना 'कॉव्हेनंट' म्हणतात. ऑफिसनं हो म्हटलं तरी कॉव्हेनंट अडवू शकतो. काहींत 'मोबाइल किंवा मॅन्युफॅक्चर्ड होम नको' एवढंच असतं, मग मॉड्युलर चालतं. काहींत 'जागेबाहेर बांधलेलं कुठलंच घर नको' असं असतं, मग मॉड्युलरही बाद. शब्दन् शब्द वाचा.

टप्पा ६: कर्ज

मॉड्युलर घराला जागेवर बांधलेल्या घरासारखंच साधं गृहकर्ज मिळतं. मूल्यांकनाचा फॉर्मही नेहमीचाच, १००४. मॅन्युफॅक्चर्ड घराचा वेगळा, १००४सी. बँकेनं १००४सी मागवला असेल तर ती या घराला मॅन्युफॅक्चर्ड धरते आहे. हा धागा पकडा आणि लगेच विचारा.

मॅन्युफॅक्चर्ड घर जंगम राहिलं तर त्याला 'चॅटल लोन' मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी, आणि हप्ते थकल्यावर कर्जदाराला मिळणारं संरक्षणही गृहकर्जापेक्षा कमी. ते स्थावर करून, पक्क्या पायावर बसवून, जमिनीसकट घेतलं तर गृहकर्जाची दारं उघडतात. एफएचएचं गृहकर्ज हवं असेल तर पाया हडच्या पायाविषयीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे आहे, असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्था आहेत. फॅनी मेची 'एमएच ॲडव्हांटेज' आणि फ्रेडी मॅकची 'चॉइसहोम' या योजना ठरावीक दर्जाच्या नव्या मॅन्युफॅक्चर्ड घरांना साध्या गृहकर्जाच्या जवळपासच्या अटी देतात. पण घरावर त्या योजनेचं स्टिकर कारखान्यातूनच लागलेलं हवं.

नेहमीची चूक: बँकेला 'प्रीफॅब घर घेतोय' असं सांगून पूर्वमंजुरी मिळवणं. त्या पत्राचा उपयोग नाही. टप्पा २ मधले फोटो आणि टप्पा ४ मधले कागद पाठवा, आणि त्याच घराबद्दल लेखी उत्तर घ्या.

विमाही इथेच उरकून घ्या. दोन्ही घरांच्या पॉलिसी वेगळ्या असतात. चुकीच्या प्रकारच्या पॉलिसीवर दावा अडकतो.

टप्पा ७: पाया आणि बसवणी

वापरलेलं घर असेल तर क्रॉल स्पेसमध्ये पुन्हा एकदा शिरा. मॅन्युफॅक्चर्ड घराखाली हे बघा:

जमिनीवर प्लॅस्टिकचा सलग कागद अंथरलेला आहे का? केंद्राच्या बसवणीच्या नियमांत ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कागद आणि सांध्यावर एक कागद दुसऱ्यावर १२ इंच चढलेला असावा असं सांगितलंय. फाटलेला असेल तर वरचे लाकूड हातानं दाबून बघा, मऊ लागतंय का.

घराभोवती जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का? पहिल्या १० फुटांत फुटामागे अर्धा इंच असा नियम आहे. उतार घराकडे असेल तर पावसाचं पाणी थेट खांबांच्या बुडाशी जाऊन थांबतं, खांब खचतात, आणि मग दारं लागेनाशी होतात. दार अडकत असेल तर सुताराला बोलावण्याआधी खाली बघा.

जमिनीत रोवलेले अँकर आणि त्यांचे पट्टे ताठ आहेत का? सैल, गंजलेले किंवा तुटलेले पट्टे वादळात काही धरून ठेवत नाहीत.

मॉड्युलर घराखाली साधा काँक्रीटचा पाया, बोल्टनं जखडलेली लाकडी पट्टी आणि मधल्या सांध्याखाली आधार दिसायला हवा. दोन तुकड्यांचा हा सांधा, 'मॅरेज लाइन', आतून छतावर नजर फिरवून आणि जमिनीवर चालून तपासा. बारीक रेघ चालते. पायाला जाणवणारी पायरी चालत नाही.

टप्पा ८: नवं मॉड्युलर मागवत असाल तर

यात वेळ वाचतो तो एकाच कारणानं: कारखान्यात घर आणि प्लॉटवर पाया, दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. पण त्यामुळेच चूकही महाग पडते, कारण घर येईपर्यंत पाया घट्ट झालेला असतो.

आधी नकाशा गोठवा. पूर्वेला दार हवं, ईशान्येला देवघर हवं, हे सगळं राज्याच्या मंजुरीला नकाशा जाण्याआधी ठरवा. बहुतेक कारखाने नकाशा आरशातल्यासारखा उलटा करून देतात, तेवढ्यानं पुष्कळदा काम भागतं. पण सेप्टिक टँकची जागा, ड्राइव्हवे आणि क्रेन उभी राहायची जागा त्या दिशेला जुळते का, हे त्याच बैठकीत बघा.

स्वयंपाकघराच्या धुराड्याबद्दल स्पष्ट लिहून घ्या. हड कोडनुसार मॅन्युफॅक्चर्ड घरात स्वयंपाकघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो, मिनिटाला किमान १०० घनफूट क्षमतेचा. मॉड्युलरमध्ये मात्र हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारा हूडही काही वेळा चालून जातो. रोज मोहरी-मिरचीची फोडणी देणाऱ्या घरात असा हूड काही कामाचा नाही. 'बाहेर जाणारं डक्ट' हे शब्द ऑर्डरमध्ये हवेत. नंतर भिंत फोडून डक्ट काढणं त्रासाचं.

पाया ओतायच्या आधी साच्याचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. लांबी-रुंदी बरोबर असून कर्ण वेगळे आले, तर पाया काटकोनात नाही. कारखान्यातून येणारा तुकडा काटकोनातच असतो, मग कुठेतरी घर पायाबाहेर लोंबतं.

क्रेनच्या दिवसाआधी रस्ता चालून बघा: खाली आलेल्या फांद्या, विजेच्या तारा, अरुंद वळण, कमी उंचीचा पूल. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छप्पर पाण्याला बंद झालं पाहिजे, हे करारात असावं. त्यानंतरची जोडणी, म्हणजे वीज, नळ, सांध्यावरची साइडिंग, भिंतींचे तडे बुजवणं, हे कुणाचं काम, ते नावानिशी लिहा. 'कारखान्याला वाटलं बिल्डर करेल, बिल्डरला वाटलं कारखाना' ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे.

तपासा: कारखान्याच्या किमतीत जमीन, पाया, विहीर किंवा पाण्याची जोडणी, सेप्टिक, विजेचा खांब, ड्राइव्हवे, क्रेन आणि परवाने धरलेले नसतात, असं समजूनच हिशेब मांडा. यातलं काही धरलेलं असेल तर विक्रेता ते ओळीवार दाखवू शकतो.

टप्पा ९: बयाणा, आणि पहिलं वर्ष

बयाण्याचा चेक आता लिहा. करारात घराचा प्रकार शब्दांत लिहा, प्लेटचे नंबर किंवा राज्याच्या पट्टीचा नंबर घाला, आणि घर त्या प्रकारचं न निघाल्यास बयाणा परत, अशी अट टाका. विकणारा हे लिहायला तयार नसेल, तर का नाही हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

नवीन मॉड्युलर घरात राहायला जाण्याआधी काउंटीचं वापराचं प्रमाणपत्र हातात घ्या. नवीन मॅन्युफॅक्चर्ड घर असेल तर पहिल्या बसवणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. कारखाना, विक्रेता आणि बसवणारा एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर त्यांच्यातला वाद सोडवायची सरकारी सोय आहे, पण ती त्या तारखेपासून एका वर्षात कळवलेल्या दोषांनाच लागू होते. फोनवरची तक्रार पुराव्याला उरत नाही, म्हणून ती लेखी करा आणि फोटो जोडा. दहाव्या महिन्यात एक सुट्टीचा दिवस काढून सगळी दारं, खिडक्या, नळ, छत आणि क्रॉल स्पेस पुन्हा एकदा बघा, म्हणजे जे सापडेल ते कळवायला दोन महिने हाताशी राहतील.